रक्त न येणाऱ्या हिरड्या

हिरड्यांच्या आजारांत आणि इम्प्लांटमध्ये तज्ज्ञ व्हायचं म्हणजे काही वर्षं लोकांच्या तोंडात वाकून बघत राहायचं, आणि शेवटी एकाच तोंडावर पास की नापास ठरायचं. माझ्या वाट्याला आलेलं तोंड माझ्या मामाचं होतं.

मामाचं चष्म्याचं दुकान. दिवसभर गिऱ्हाइकांशी गप्पा. समोरचा वरचा दात हिरडीच्या रोगानं हलून हलून पडला, तेव्हापासून हसताना तोंडावर हात धरायला लागला. "भाची दातांची डॉक्टर आणि मामा बोळका! दुकानात लोक काय म्हणतील?" असं म्हणत तो आपणहूनच कॉलेजातल्या आमच्या विभागातल्या खुर्चीवर येऊन बसला. वडील गेल्यावर त्यानंच मला वाढवलं होतं. त्याला दात बसवायचा आणि तीच केस परीक्षेत मांडायची, याहून चांगलं काय असणार, असं मला वाटलं.

अट एकच होती. सिगारेट बंद. धुरानं हिरडीचा रक्तपुरवठा आखडतो आणि इम्प्लांटला, म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी बसवलेल्या स्क्रूला, धरून ठेवणारं हाड हळूहळू खाली उतरतं. मामानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुझी शपथ. आजपासून कानाला खडा."

सिगारेट सोडली की हिरड्यांतून आधी जास्तच रक्त येतं. मामाच्याही आलं आणि मी मनातल्या मनात नाचले, कारण याचा अर्थ माणूस खरंच सोडतोय. पुढे काही महिन्यांनी रक्त थांबलं. खुणा कोरलेली बारीक सळई हिरडीच्या फटीत घालून आम्ही बघतो. रक्त आलं की समजायचं, आजार जागा आहे. मामाच्या हिरड्यांतून थेंब येईना. मी सगळ्यांना फोटो दाखवत सुटले. मॅडम, म्हणजे आमच्या विभागप्रमुख, सहसा कुणाला चांगलं म्हणत नाहीत, त्यासुद्धा म्हणाल्या, "पेशंट छान सांभाळलायस." मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर! इम्प्लांट बसवला, तो हाडात घट्ट झाला, वर दात चढवला. मामा आरशात बघून खळखळून हसला, तोंडावर हात न धरता.

परीक्षेच्या आधी नियमाप्रमाणे एक्स-रे काढला. इम्प्लांटभोवतीचं हाड चांगलंच उतरलं होतं. वर हिरडी मात्र गुलाबी आणि कोरडी. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतूनही रक्त येत नाही. आत आजार पोखरत असतो आणि वरून सगळं ठणठणीत दिसतं. हे मी स्वतः ज्युनियर मुलांना फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं!

पण मग दातांवर डाग कसे नव्हते? सिगारेटचे तपकिरी डाग काही लपत नाहीत. मामाच्या दातांची सफाई बारकी करायची. बारकी म्हणजे माझ्याच वर्गातली, होस्टेलच्या खोलीतली सोबतीण. एका ताटात जेवलेलो आम्ही. उपकरणं धुवायच्या खोलीत मी तिला गाठलं.

"बारके, मामा सिगारेट ओढतो?"

तिनं नळ बंद केला नाही. "मामांनी हात जोडले गं माझ्यासमोर. म्हणाले, तिला कळलं तर ती मला खुर्चीवरून उठवेल आणि तिची केस जाईल."

"आणि तू डाग पॉलिश करून टाकलेस?"

"तुझ्यासाठीच केलं ना. ऐन वेळी दुसरा पेशंट कुठून आणला असतास?"

"मी त्याच्या हाडात स्क्रू बसवला, बारके! तू शेजारी उभी होतीस. सक्शनची नळी धरून उभी होतीस!"

"हळू बोल ना," ती म्हणाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा केसानं गळा कापला होता आणि वर हिला चिंता कुणी ऐकेल याची!

मामा दुकानात एका फ्रेमचा स्क्रू पिळत होता. मी विचारलं तेव्हा त्यानं आधी कानावर हात ठेवले, मग मान खाली घातली. मी भांडले नाही. मला पास व्हायचं होतं. त्याला समजावलं, "इम्प्लांट बिघडला म्हणून कुणी नापास करत नाही, मामा. तो का बिघडला हे सांगता आलं पाहिजे. मी खरं कारण सांगणार आहे. परीक्षक तुला विचारतील. तू फक्त हो म्हण."

"एवढंच ना? छातीठोकपणे सांगतो."

मॅडमना आधीच सांगून टाकावं असं मनात आलं होतं. पण मग बारकीचीही परीक्षा अडकली असती, आणि मामानं शब्द दिला होता. राहू दिलं.

परीक्षेच्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून आला. पलीकडच्या खुर्चीवर बारकीचा पेशंट होता. बाहेरून आलेले परीक्षक, मॅडम, मागे ज्युनियर मुलं. परीक्षकांनी सळई फिरवली, रक्त आलं नाही. एक्स-रे बघितला आणि भुवया उंचावल्या.

"हाड का उतरलं?"

"पेशंट सिगारेट ओढतात, सर. माझ्यापासून लपवलं होतं. मला उशिरा कळलं."

ते मामाकडे वळले. "काय हो, ओढता?"

मामानं एकदा मॅडमकडे बघितलं, एकदा त्या मुलांकडे, आणि ताठ बसला.

"छे हो, साहेब! भाचीनं केव्हाच सोडवली. मोठी गुणाची पोर आहे."

मी बारकीकडे बघितलं. तिनं सगळं ऐकलं होतं. एक वाक्य, फक्त एक वाक्य ती बोलली असती तरी पुरलं असतं. ती आपल्या पेशंटचा ओठ धरून राहिली.

"हाड उतरलं की प्रत्येक विद्यार्थ्याला पेशंट सिगारेट ओढणाराच दिसतो," परीक्षक म्हणाले. मागे कुणीतरी हसलं. "पेशंट ओढत नाही म्हणजे बसवताना तुमचा हात चुकला. आणि ते मान्य करायचं सोडून तुम्ही घरच्या माणसावर ढकलताय." मॅडमनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला सगळ्यांदेखत रडू फुटेल असं वाटलं. मी सळई ट्रेमध्ये ठेवली आणि "थँक्यू सर" म्हणाले.

संध्याकाळी निकाल लागला. बारकी पास, मी नापास.

मामा जिन्याशी थांबला होता. माझा चेहरा बघून तो गडबडला. "अगं, एवढ्या लोकांत मी हो म्हटलं असतं, तर तुझंच नाव गेलं असतं! सख्खा मामा ऐकत नाही, असं झालं असतं. मी तुझी बाजू राखली." त्याला ते अगदी मनापासून वाटत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. माझ्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ त्यानं मोडली होती, तीही माझी बाजू राखायला!

"बरं, आता दाताचं काय? हा पडणार तर नाही ना?" तो नव्या दाताला बोट लावून म्हणाला. "पुढच्या वेळी कधी येऊ तुझ्याकडे?"

"बारकीकडे जा," मी म्हणाले. "आता ती तज्ज्ञ आहे."