चार मतदारांचे घर

मंगळवार, ४ नोव्हेंबर २००८. सकाळचे सहा वाजून पंचावन्न मिनिटे. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावी एका प्राथमिक शाळेच्या दाराशी अकरा माणसे रांगेत उभी होती आणि त्यांतले अकरावे होते मोरेश्वरराव. मोजदाद त्यांनीच केली होती. तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवता शिकवता त्यांनी तेरा निवडणुकांत मतदान केंद्र सांभाळले होते. दार उघडण्यापूर्वी रांग मोजायची सवय काही सुटली नव्हती.

त्या तेराही वेळा खुद्द मोरेश्वररावांचे मत मात्र पडले नव्हते. ड्यूटी नेहमी परगावी, आणि टपाली मतपत्रिकेसाठी अर्ज करायचा तर मुदत संपलेली. दुसऱ्याच्या लग्नात वाढपी व्हावे आणि स्वतः उपाशी परतावे, तसे ते परतत. पुढे मुलगा सुशांत याने आईवडिलांना इकडे आणले. पाच वर्षे सरली, ऑगस्टमध्ये दोघांनी नागरिकत्वाची शपथ घेतली, जुने पासपोर्ट परत केले. एवढे करून हाती आलेले पहिले मत आज पडायचे होते.

सुशांतने घरातल्या चौघांच्याही मतपत्रिका टपालाने मागवल्या होत्या. शैलजाबाईंनी आपली भरून, सही करून, पंधरा दिवसांपूर्वीच टपालपेटीत टाकली होती. सूनबाई रुचाचीही गेली होती. मोरेश्वररावांनी मायक्रोवेव्हचे रिकामे खोके जेवणाच्या टेबलावर उभे केले, एक बाजू कापली आणि त्या आडोशात मान घालून मत दिले. टपालावर भरवसा नको, म्हणून पाकीट घेऊन ते स्वतः केंद्रावर आले होते.

टेबलामागे बसलेल्या कांताबाई नागपूरच्या. एरवी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट, आज निवडणुकीच्या कामावर. त्यांनी पाकीट उलटसुलट करून पाहिले.

"काका, सही राहिली ना."

"राहिली नाही. मुद्दाम केलेली नाही. मतदाराची ओळख पटली की मत बाद होते."

"मतपत्रिकेवर नाही हो, पाकिटावर करायची. नसली तर मोजतच नाहीत."

"आणि मतपत्रिका कुठे आहे? त्याच पाकिटात. आमच्याकडे टपाली मताला दोन पाकिटे असत, घोषणापत्र वेगळे. चंद्रावर माणूस पाठवणाऱ्यांना दुसरे पाकीट परवडत नाही?"

त्यांना गाडीने घेऊन आलेला सुशांत मागून कळवळला. "बाबा, प्लीज! साइन करून टाका ना. साडेआठला सांता क्लाराला मीटिंग आहे माझी."

"तू तुझे मत दिलेस?"

"फ्रिजवर ठेवलंय. संध्याकाळी ड्रॉप करतो. ती बारा प्रपोझिशन्स वाचायची राहिलीत, यार."

हाच सुशांत महिनाभर प्रत्येक पॉटलक जेवणात टेबल बडवून सांगत होता, की या वेळी घरी बसणारा माणूस गुन्हेगार समजावा. कोणता पक्ष योग्य, हे तर त्याने शेजारच्या मुलांनाही पाठ करून घेतले होते.

मोरेश्वरराव गोंधळून उभे राहिले. सही केली तर मत गुप्त नाही, न केली तर मतच नाही. त्यांनी हळूच विचारले, "पाकीट उघडणारे नाव बघत नाहीत, की त्यांना बघता येत नाही?"

"बघत नाहीत, एवढं सांगू शकते," कांताबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बदलला. "माझे वडील म्हणायचे, जगात सगळ्यांचं सारख्या वजनाचं एकच आहे, मत. ते असं हातात धरून घरी नका जाऊ, काका. हे पाकीट मला परत द्या, मी रद्द करते. इथे कोरी मतपत्रिका घ्या आणि आडोशात उभं राहून नव्यानं मत द्या."

"माझ्यासमोर रद्द करा."

त्यांनी ते समोरच रद्द केले.

अध्यक्षपदाचा रकाना मोरेश्वररावांनी क्षणात भरला. कोणाला, हे त्यांनी शैलजाबाईंनाही कधी सांगितले नाही, तेव्हा इथेही सांगता येत नाही. मग पाणीपुरवठा मंडळाच्या उमेदवारांची नावे आली, ज्यांच्यापैकी एकालाही ते ओळखत नव्हते. मग ती बारा प्रपोझिशन्स, म्हणजे थेट मतदारांनाच विचारलेले कायद्यांचे प्रस्ताव. त्यांतल्या एकात कोंबड्या. त्यांना पिंजऱ्यात पंख पसरण्याइतकी जागा असावी काय? घरी खोक्याआड त्यांनी 'नाही' असे भरले होते. कोंबडीच्या पंखांची मापे हा मतदाराचा विषय नव्हे. आता केंद्रावरच्या अरुंद आडोशात हातांची दोन्ही कोपरे पुठ्ठ्याला टेकत असताना त्यांनी 'होय' भरले, आणि पेन हातातच राहिले. एकाच माणसाची दोन मते! मग त्यातले आपले कोणते? रद्द झाले ते, की हे?

"बाबा! आठ वाजले!"

यंत्राने मतपत्रिका गिळली. मोरेश्वररावांनी सवयीने डाव्या हाताची तर्जनी पुढे केली.

"शाई नसते इथे," कांताबाई हसल्या. "'मी मत दिलं' असा स्टिकर मिळतो, तो घ्या."

तो त्यांनी नखावरच चिकटवला.

सुशांतची मीटिंग हुकली, ती दुपारी ठरली, आणि दुपारचे काम संध्याकाळवर गेले. पावणेआठला फोन आला. "रुचा, एट-एटी हायवेवर पुरता अडकलोय. आठला मतदान बंद होतं. माझं पाकीट बाबांना नेऊन द्यायला सांग ना."

रुचाने फ्रिजवरून पाकीट काढले. आत मतपत्रिका कोरी होती.

"मी भरते पटकन," ती म्हणाली. "त्याची मतं मला पाठ आहेत."

"साऱ्या फ्रीमाँटला पाठ आहेत," मोरेश्वरराव म्हणाले. "तरी भरायची त्याने. सहीही त्याचीच हवी."

"सकाळी सही नको होती, आता हवी?" शैलजाबाई म्हणाल्या. "मी बिलावर करते तशी केली आणि मोकळी झाले. तुमच्या एका मतापायी पोराला तासभर उशीर झाला, आणि आता त्याचं मत तुम्हीच अडवताय."

नियम मोरेश्वररावांच्या बाजूने होता. बायकोही चुकत नव्हती. कोरे पाकीट हातात घेऊन ते दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. नखावरचा स्टिकर एका कडेने सुटू लागला होता.

सुशांत घरात शिरला तेव्हा आठ वाजून बारा मिनिटे झाली होती.

घरातील नोंदणीकृत मतदार चार. झालेले मतदान तीन.