पंच्याण्णवची रेघ

अण्णांनी भिंतीवरचं बटण बंद केलं तेव्हा त्यांच्या धाकट्या लेकीचा सामना ऐन रंगात आला होता. पडदा काळा झाला, पंखे थांबले, आणि कानावरचे हेडफोन उतरवत तिने मागे वळून असं काही पाहिलं, की अण्णांना बटणावरचा हात काढून घ्यायचंही सुचलं नाही.

"शहाऐंशी झालं होतं," अण्णा म्हणाले. "आकडा तूच दाखवलास."

दाखवला होता तिनेच. हा गेमिंगचा कॉम्प्युटर धाकटीने सुटे भाग आणून घरीच जोडला होता, आणि अण्णांचा पहिल्या दिवसापासून त्याच्यावर विश्वास नव्हता. निवृत्त होईपर्यंत ते कारखान्यात बॉयलरवर होते. ज्या यंत्राला काटा नाही ते यंत्र त्यांच्या लेखी आंधळं. "तापतंय किती ते दिसतं कुठे?" ही भुणभुण ऐकून कान किटले, तेव्हा तिने पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान दिसेल अशी सोय केली. म्हणजे आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. कारण त्या दिवसापासून अण्णा पेपर घेऊन तिच्या मागच्या खुर्चीत ठाण मांडून बसायला लागले, आणि पेपरचं पान काही उलटेना.

बॉयलरवर त्यांचा एकच नियम होता. काटा लाल रेघेकडे सरकला की आधी बंद, मग चौकशी. साहेब चिडले तरी बेहत्तर. या नियमापायी त्यांनी दोनदा सगळा कारखाना थांबवला होता, त्यातलं एकदा विनाकारण. विनाकारणचा किस्सा ते स्वतः सांगत नसत, त्यांची बायको सांगे.

धाकटी पाच जणींच्या संघात खेळत होती. त्या संघात शिरायला तिला फार खेटे घालावे लागले होते. कर्णधार मुलगी लांबच्या गावची, फक्त हेडफोनमधून ओळखीची, पण बोलायला फटकळ. त्या संध्याकाळी तिचा निरोप आला. हरलीस तर चालेल, पण रविवारी पुन्हा अशी मधेच गायब झालीस तर तुझ्या जागी दुसरी घेईन.

धाकटीने अण्णांशी बोलणं टाकलं. "आई, अण्णांना सांग टॉवेल दोरीवर आहे." "अगं, तिला म्हणावं मला दिसतोय." आईला घरच्या घरी पोस्टात नोकरी लागली. दोन दिवस तिने निरोप पोचवले आणि तिसऱ्या दिवशी सरळ राजीनामा दिला. "तुमचं तुम्ही बघा. मला दूधसुद्धा हे एकटीला तापवू देत नाहीत, मी काय सांगणार?"

मग अण्णाच दारात येऊन उभे राहिले. "याची लाल रेघ कुठे आहे?"

धाकटीने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. मग म्हणाली, "खेळताना सत्तर-ऐंशी म्हणजे नेहमीचं. पंच्याऐंशीच्या पुढे गेलं तर लक्ष द्यावं, पण घाबरायचं नाही. याची रेघ पंच्याण्णवला आहे. तिथे पोचलं की ते आपला वेग आपणच कमी करतं. त्याच्याही पुढे गेलं तर स्वतःच बंद पडतं."

"म्हणजे मी बंद करायची गरजच नाही?"

"नाही."

ते अण्णांना लागलं. आपल्यावाचून चालेल असं यंत्र त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, निदान त्यांची तरी तशी समजूत होती. पण त्यांनी तसं दाखवलं नाही. एवढंच म्हणाले, "तरी थंड राहील तर बरंच की."

ते तिलाही पटलं. प्रोसेसरला गार ठेवणारा, त्याच्यासोबत खोक्यात आलेला कूलर अगदी पिटुकला होता. बदलायचा तर दोन वाटा होत्या. एक तर पातळ पत्र्यांचा उंच कूलर, नाहीतर नळ्यांतून पाणी फिरवणारा.

"पाण्याचं मला सांगू नकोस," अण्णा म्हणाले. "पाण्यात आयुष्य गेलंय. जोड तिथे गळती."

"अहो अण्णा, तो सीलबंद असतो."

"बॉयलरही सीलबंदच असतो."

धाकटीला हसू फुटलं. शेवटी उंच कूलर आला. अण्णांनी टॉर्च धरला, तिने प्रोसेसरवरची, उष्णता कूलरकडे नेणारी, वाळलेली पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावली आणि स्क्रू आवळले. भिंतीला चिकटलेली कॉम्प्युटरची कॅबिनेट पुढे ओढली, म्हणजे मागून गरम हवा मोकळी बाहेर पडेल. तोच गेम चालवून पाहिला तर आकडा अठ्ठ्याहत्तरच्या वर जाईना. दोघंही खूश झाली.

रविवारी दुपारी मात्र उकाड्याने कहर केला. त्यात शेजारी फरशी फोडायचं काम चाललेलं. तो आवाज माइकमध्ये शिरेल म्हणून धाकटीने दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि खोलीची भट्टी झाली.

"यांना बाजारात पाठवू का?" आईने तिच्या कानात विचारलं.

"नको. बसू दे." मग ती अण्णांकडे वळली. "आकडा झाकून ठेवू?"

"झाकू नकोस. झाकलास तर मी नक्की बंद करीन."

सामना सुरू झाला. ऐंशी. चौऱ्याऐंशी. अठ्ठ्याऐंशीला अण्णांनी पेपर बाजूला ठेवला. नव्वदला ते उठले. भिंतीपर्यंत कसे पोचले ते त्यांचं त्यांना कळलं नाही. खुर्चीचा आवाज धाकटीने ऐकला असणारच, पण तिने वळून पाहिलं नाही. ब्याण्णव. अण्णांचा हात बटणापर्यंत गेला. पंच्याण्णवचा हिशोब डोक्याला पटला होता, हाताला पटला नव्हता. त्यांना तिची जागा आठवली, तिने घातलेले खेटे आठवले. रेघ अजून पुढे आहे, रेघ अजून पुढे आहे, असं ते मनाशी घोकत राहिले.

मग त्यांनी हात खाली घेतला, कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा उचलला, कॅबिनेटसमोर उकिडवे बसले आणि वारा घालायला लागले. त्याने आकडा कणभरही हलणार नव्हता, हे त्यांना धडधडीत कळत होतं. तरी गुडघे ठणकेपर्यंत ते घालत राहिले.

बऱ्याच वेळाने धाकटीने हेडफोन काढले. "हरलो."

"मी हात लावला नाही हं," अण्णा घाईने म्हणाले.

"माहितीये. शेवटी मीच भलत्या दाराने आत शिरले." हेडफोनमधून कर्णधाराचा बारीक आवाज येत होता. ती सगळ्यांना झाडत होती, आणि त्या झाडण्यातच धाकटीला पुढच्या रविवारची वेळही सांगत होती. धाकटी घामाने निथळत होती, पण चेहरा फुललेला होता.

"किती झालं होतं हो जास्तीत जास्त?" तिने विचारलं.

"त्र्याण्णव. तू पाहिलं नाहीस?"

"नाही. एकदाही नाही. तुम्ही होतात ना बघायला."

आकडा कधीच पन्नासच्या खाली आला होता, तरी अण्णा तसेच उकिडवे बसून वारा घालत होते.