पिवळी पाटी

मुकी काही खरोखर मुकी नव्हती. पण ज्या घरात बाप रंगाच्या डब्याचं झाकण उघडतानाही व्याख्यान झोडतो आणि आई पाहुण्याला दारात निरोप द्यायला तासभर लावते, त्या घरात तिसऱ्यानं तोंड उघडायचं तरी कधी? पोरीनं लहानपणीच नाद सोडला. नाव पडलं ते पडलंच. पुढे ती बापाच्याच कार्यशाळेत पाट्या रंगवायला बसली आणि सगळे म्हणाले, बरं झालं बाई, पाट्यांशी काही बोलावं लागत नाही.

तिचे वडील, अण्णा, कारखान्यांसाठी सूचनांच्या पाट्या रंगवत. हो, हातानं, ब्रशनं, पत्र्यावर. छापील चिकटपट्टी स्वस्त पडते असं कुणी सांगायला गेलं, की अण्णा त्याला रसायनांच्या कारखान्यात एक चक्कर मारून यायला सांगत. तिथल्या वाफेनं चिकटपट्टी महिनाभरात सोलून लोंबते. अण्णांचं अक्षर वर्षानुवर्षं जागचं हलत नाही.

रंगांची भाषा त्यांनी लेकीला बाराखडीच्या आधी शिकवली होती. लाल म्हणजे मनाई. निळा म्हणजे करायलाच हवं. हिरवा म्हणजे बाहेर पडायची वाट. पिवळा म्हणजे सावधान, पुढे धोका आहे. "पाटी पळणाऱ्या माणसानं वाचायची असते," अण्णा म्हणत. "त्याला तुझं साहित्य नको. थोडे शब्द, आणि भोवती भरपूर मोकळी जागा." पाटी पुरी झाली की उजव्या कोपऱ्यात नखाएवढी खूण यायची, रंगाचा एक थेंब आणि त्याखाली आडवी रेघ. बिनखुणेची पाटी म्हणजे बेवारस, असं त्यांचं म्हणणं. आपण घराबाहेर पडताना कुलूप ओढून बघतो ना, तसा काम संपलं की मुकीचा हातही आपोआप त्या कोपऱ्यात जाई.

आता अशा मुलीनं करावं काय? तिनं ब्लॉग काढला. नाव ठेवलं 'पळणाऱ्यांसाठी'. उरलेल्या पत्र्याच्या तुकड्यावर ती एक पाटी रंगवायची, तिचा फोटो लावायची, आणि पांढरी जागा सोडून खाली त्या पाटीमागची सगळी भानगड लिहायची. लाल पाटी होती, 'या घरात "मला जमत नाही" म्हणण्यास मनाई आहे.' निळी होती, 'आत्या आल्यावर हसणे बंधनकारक.' हिरवी होती, 'बाहेर पडण्याची वाट: जिना, गच्ची, टाकीच्या मागे.' सगळं हुकमाच्या सुरात. 'मी' हा शब्द कुठेच नाही. लोक वाचायला लागले. जी पोरगी जेवताना मीठसुद्धा बोट दाखवून मागायची, तिला परकी माणसं लिहीत, 'अहो, तुम्ही आमच्या घरात राहून गेलात की काय?' आपल्याला आवाज आहे हे तिला पहिल्यांदा कळलं, आणि तो आवाज तिला फार आवडला.

आवडला, आणि तिथेच पाय घसरला. गेल्या आठवड्यात तिनं पिवळी पाटी लावली. 'सावधान! वडिलांचा हात थरथरतो. दिसलं तरी पाहू नये.' खाली लिहिलं की आई मोठ्या कपात अर्धाच चहा का देते. वडील डावा हात उजव्या मनगटावर दाबून "मेला ब्रशच भिकार आलाय" असं का म्हणतात. कुणी आलं की उजवा हात खिशात का जातो. आणि शेवटी ते लिहिलं, जे आईलाही ठाऊक नव्हतं. वडील जेवून आडवे झाले की लेक ब्रश घेऊन बसते आणि त्यांच्या अक्षरांच्या कापऱ्या कडा सरळ करते. वडील उठून येतात, पाटीकडे बघतात आणि म्हणतात, "बघ. अजून आहे हात माझा."

आज सकाळी तिच्या ब्लॉगवर निरोप आला. 'तुम्हाला ओळखलं! हा थेंब आणि ही रेघ आमच्या फाटकावरच्या पाटीवर रोज बघते. आज पाट्या न्यायला मी स्वतःच येतेय.' रसायनांच्या कारखान्यातल्या सुरक्षा अधिकारी मॅडम. मुकीनं फोटो मोठा करून पाहिला. होती की खूण! गाढव कुठली! नाव लपवलं, गाव लपवलं, 'मी' लपवला, आणि खाली बापाची सही ठोकून जगाला दाखवली. तिनं घाईघाईनं ते पान काढून टाकलं, मॅडमना लिहिलं, 'कृपा करून वडिलांसमोर बोलू नका, त्यांना माहीत नाही.' उत्तर आलं नाही. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज मात्र आला.

"या मॅडम, या!" अण्णांनी उजवा हात खिशात सारत स्वागत केलं. "तुमच्या पाट्या केव्हाच्या वाट बघतायत. ओळीनं लावून ठेवल्यात बघा."

"मास्तर, पाट्या राहू द्या. आधी तुमच्या लेकीचं—"

"मॅडम, गाडी सावलीत लावता का?" मुकी ओरडली. एवढ्या मोठ्यांदा, की चहाचा ट्रे घेऊन आत येणारी आई उंबऱ्यातच थबकली.

"अगं बाई," आई म्हणाली, "ही बोलली!"

"गाडी सावलीतच आहे गं," मॅडम हसल्या. बाई मनानं निर्मळ होत्या, म्हणून तर पंचाईत. मुकी त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होती, मान हलवत होती, आणि त्यांना वाटलं पोरगी लाजतेय. "एवढं लाजायचं काय त्यात? मास्तर, किती सुंदर ब्लॉग लिहिते ही! आमच्या ऑफिसात सगळ्यांनी वाचलंय. तुम्ही तर वाचलंच असेल." त्यांनी फोनमध्ये जपून ठेवलेला त्या अख्ख्या पानाचा फोटो अण्णांच्या नाकासमोर धरला.

अण्णा चष्मा सावरत वाचू लागले. आधी हसले. "वा! कुणाचा बाप हा बिचारा?" मग नजर पाटीच्या कोपऱ्यात गेली. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण मागे माणूस नव्हता. त्यांनी फोन हातात घेतला आणि खालचं सगळं वाचलं, सावकाश, शेवटपर्यंत. फोन त्यांच्या हातात थरथरत होता आणि खोलीतले सगळे नेहमीप्रमाणे दुसरीकडे बघत होते.

मॅडमना आता कुठे उमगलं. "मला वाटलं, घरात माहीत असेल. मी उद्या येते मास्तर."

"थांबा. पाट्या आजच न्यायच्यात." अण्णांचा आवाज अगदी हळू होता. असा आवाज मुकीनं कधी ऐकला नव्हता, आणि ती साफ घाबरली. ते तिच्याकडे वळले. "कुठली कुठली?"

"अहो, पोरीनं तुमच्या काळजीपोटीच..." आई म्हणाली.

"तू मधे पडू नकोस. दाखव गं. कुठलं अक्षर तुझं?"

भिंतीशी पाच पाट्या टेकवून ठेवल्या होत्या. मुकी पहिलीपाशी गेली. "'धूम्रपाना'तला हा 'ध'. आणि 'मनाई'तला 'म'."

"पुढची."

"हिच्यात 'बंधनकारक'."

"'बंधनकारक'मधलं कुठलं?"

"सगळंच, अण्णा."

अण्णांनी मान हलवली. हाच शब्द काल ते आईला बोलावून आणून दाखवत बसले होते. तिसरी, चौथी. मुकी बोट ठेवत गेली आणि दर बोटागणिक त्यांचे खांदे थोडे थोडे उतरत गेले. तिला वाटलं, कुणी तरी आपलं बोटच तोडून टाकावं.

"आणि ही?" शेवटची हिरवी होती, 'बाहेर पडण्याची वाट'.

"ही तुमची. हिला हात नाही लावला."

"का? बरी वाटली?"

खोटं बोलायला ही चांगली वेळ होती. तिला ते सुचलंही. पण बापाचे डोळे तिच्यावर होते. "नाही. त्या दिवशी मला उशीर झाला. रंग वाळून गेला होता."

अण्णा खाली वाकले. कडा उसवलेल्या शिलाईसारख्या दिसत होत्या. "म्हणजे ही," ते म्हणाले, "सकाळपासून हीच एक मला खुपत होती." आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

मग एकदम ताठ झाले. "पिवळी का केलीस? पिवळी धोक्याला लावतात. बाप म्हणजे धोका?"

"मला भीती वाटत होती म्हणून."

"मग मला सांगायचं! गावभर दवंडी पिटलीस आणि बापाला सांगायला जीभ नव्हती?"

"तुमच्यापुढे बोलायला जागा कुठे असते, अण्णा?" मुकी म्हणाली. आता तिला थांबता येईना. "तुम्ही बोलता, आई बोलते. तुम्हीच म्हणता, भोवती जागा नसली तर शब्द वाचता येत नाही. या घरात माझ्या शब्दाभोवती एवढीसुद्धा जागा नाही. तिथे होती, म्हणून तिथे बोलले. ते पान मी आज काढून टाकलंय. चुकलं माझं. अक्षरं सरळ केली त्यात नाही चुकलं. न विचारता केली, आणि तुमच्याऐवजी जगाला सांगितलं, ते चुकलं."

एवढं सलग बोलणं त्या घरात तिनं कधी केलं नव्हतं. आईच्या ट्रेमधले कप किणकिणले. अण्णा काहीच बोलले नाहीत, आणि त्या घरात हेही पहिल्यांदाच होत होतं.

त्यांनी फडकं घेतलं, टर्पेंटाइनमध्ये बुडवलं आणि पहिल्या पाटीच्या कोपऱ्यातला थेंब पुसला. मग रेघ. मग दुसऱ्या पाटीची खूण. एकेक करत चारही. मुकीला वाटलं, संपलं. आता हा माणूस पुन्हा कधी ब्रश धरणार नाही, आणि ते आपल्या हातून झालं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

हिरव्या पाटीवरची खूण अण्णांनी पुसली नाही. "मॅडम, दारापर्यंत मागे जा. वाचता येते का ही?"

मॅडम मागे गेल्या. "येते की. स्पष्ट येते."

"पळताना?"

मॅडमनी खरंच दोन-चार पावलं टाकली, धावल्यासारखी. "येते, मास्तर."

"मग ती जाईल. माझी आहे." त्यांनी फडकं टाकलं आणि पहिली पाटी उचलून टेबलावर कडेवर उभी धरली. "बाकीच्यांवर माझी खूण नको. मी नाही केलेल्या. पण बिनखुणेची पाटी या दारातून बाहेर जात नाही." त्यांनी बारीक ब्रश तिच्यापुढे सरकवला. "बस. तुझी काढ."

"माझी कुठली?"

"मला काय विचारतेस? एवढं सगळं जगाला लिहिलंस तेव्हा विचारलंस का?" राग अजून होता, जायला वेळ लागणार होता. "त्या तुझ्या ब्लॉगवरही तुझीच लाव. बोलणं तुझं आणि खूण माझी, असं चालायचं नाही. आणि ते काढून टाकलेलं पान परत लाव. रंग तेवढा बदल."

मुकीनं नाक पुसलं, ब्रश रंगात बुडवला आणि कोपऱ्याशी नेला. हात सवयीनं थेंब काढायला निघाला, तो तिनं आवरला. काय काढावं ते तिला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात पत्रा टेबलावर टकटक वाजायला लागला. अण्णांचा उजवा हात. डाव्यानं त्यांनी तो दाबला नव्हता, खिशात घातला नव्हता.

मुकी थांबली. तिनं नजर वळवली नाही. "अण्णा, पाटी हलतेय."

मॅडम पाट्यांकडे बघत होत्या. आई छताकडे बघत होती.

"हलणारच," अण्णा म्हणाले. "हात कापतो माझा. आईला सांग, दुसऱ्या बाजूनं धर म्हणावं."

आईनं ट्रे खाली ठेवला आणि पाटीची दुसरी कड धरली.