गॅसकामाचा चष्मा

ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी मला माझ्या भावाची आणि माझ्या आईची सारखीच किळस आली.

मी डोळ्यांच्या दवाखान्यात डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो काढते. दादाचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. गल्लीतली निम्मी माणसं ग्रहणात दारं-खिडक्या लावून बसणार हे कळल्यावर त्याच्या अंगातच आलं. वर्कशॉपच्या गच्चीवर खुर्च्या, भाषण, फोटोग्राफर, सगळा थाट त्यानं ठरवला. सगळ्यांचं अज्ञान एका दुपारीत घालवायचं होतं त्याला.

"काचा कुठल्या देणार आहेस?" मी विचारलं.

"वेल्डिंगच्या. मी रोज सूर्य पेटवतो गं. मला नको शिकवूस."

चौदा नंबरचीच, सगळ्यांत गडद काच आण, हे मी त्याला बजावून सांगितलं. त्यानं माशी वारावी तसा हात हलवला.

आईचं दुसरंच टोक. ग्रहणात सूर्य आजारी पडतो आणि बघणाऱ्याला त्याचा आजार लागतो, असं तिचं पक्कं मत. तिनं पडदे ओढले आणि पाण्याचा घोटही घेतला नाही. दोघांची ओढाताण चालली ती दादाच्या मुलीवरून. भिंगरी बारा वर्षांची. पुस्तकात तोंड घातलं की जेवायलाही उठत नाही. आई म्हणाली, पोरीला वर नेऊ नकोस. दादा म्हणाला, आता तर तीच पहिली बघणार.

मी तेव्हा दवाखान्यात होते. पुढचं वहिनीनं सांगितलं. दादानं चौदाच्या काचा आणल्या, पण मोजक्याच, आणि त्या पाहुण्यांच्या मुखवट्यांत बसवल्या. पोरीच्या डोळ्यांवर त्यानं गॅसनं पत्रा कापताना लावतात तो हिरवा चष्मा चढवला. नंबर पाच! ज्यानं हयात त्या धंद्यात घालवली त्यानं! घरचं माणूस म्हणजे काहीही चालतं ना. फोटोग्राफर 'अजून जरा वर बघ' म्हणत राहिला आणि पोरगी शहाण्यासारखी वर बघत राहिली.

चंद्रानं सूर्य कितीही झाकला तरी उरलेली कोर तितकीच प्रखर असते. फक्त आजूबाजूचा उजेड उतरतो, डोळ्यातली बाहुली मोठी होते आणि डोळे दिपत नाहीत. पडद्याला दुखणं कळत नाही, त्यामुळे तो भाजत असताना माणूस मजेत बघत असतो. यात ना शाप, ना शौर्य.

सकाळी भिंगरी म्हणाली, पुस्तकातली मधली अक्षरं गायब होतायत. तिची हनुवटी यंत्रावर मीच टेकवली, फोटो मीच काढले. दोन्ही डोळ्यांत, जिथून आपण वाचतो आणि माणसांचे चेहरे ओळखतो, नेमकं तिथंच भाजलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडंफार भरून येईल. सगळं येईल असं नाही सांगता येत."

बाहेर बाकावर आई, दादा आणि मध्ये भिंगरी. मी डॉक्टरीणबाईंचं बोलणं सांगितलं. दादानं आधी इकडेतिकडे बघून घेतलं.

"हे गल्लीत कुणाला कळता कामा नये," तो कुजबुजला. "त्या अडाण्यांना आयतंच कोलीत मिळेल. ताप आलाय म्हणून सांगू."

"मी सांगत होते," आई म्हणाली. "सूर्याचं दुखणं लागलं. आता तरी पटलं?" आणि पदरानं तोंड पुसून ती ऐसपैस टेकून बसली. पंगतीत पोटभर जेवून उठलेल्या माणसासारखी.

"दुखणं-बिखणं काही नाही, काच चुकली," दादा म्हणाला.

"चुकली तर चुकली. खरं कुणाचं ठरलं?"

एकाला आपलं विज्ञान वाचवायचं होतं, दुसरीला आपली भीती खरी ठरल्याचा आनंद आवरत नव्हता. पोरगी दोघांच्या मध्ये बसली होती आणि तिचा हात एकानंही धरला नव्हता.

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. तिनं मान जराशी वळवली आणि माझ्या कानाकडे बघितलं. समोर बघितलं की मी दिसत नव्हते; तिरकं बघितलं की थोडी दिसत होते. एका सकाळीत तिचं तिनं हे शोधून काढलं होतं.

"आत्या," तिनं हळूच विचारलं, "आजी हसतेय का गं? आवाजावरून तसं वाटतंय."

"हो," मी म्हणाले.