मी पडवी आहे, मांडव नव्हे

मित्रांनो, मी एक जुनी पडवी आहे. अंधेरीच्या मरोळ गावठाणात कॉस्मसच्या घराला पुढून जोडलेली. माझा स्वभाव तापट आहे आणि त्याला कारण आहे. सहा वर्षं मला मांडव म्हटलं गेलं.

सुरुवात मांडव म्हणून झाली, हे मी नाकारत नाही. १९८१ च्या जानेवारीत कॉस्मसने मुलीच्या, आयरीनच्या, लग्नासाठी दारात चार खांब रोवले. लग्न आठ दिवसांवर आलं आणि मुलाकडच्यांनी नकार कळवला. कापड उतरलं, खांब तसेच राहिले. महिन्याभराने आयरीननेच धोंडू सुताराला बोलावलं. त्याने वासे चढवले, पत्रे ठोकले, खाली शहाबादी फरशी बसवली, आणि तिने माझ्या सावलीत शिवणयंत्र मांडलं. लग्नाचे पांढरे झगे शिवण्यात तिचा हात धरणारं गावठाणात कुणी नव्हतं. कॉस्मसचा कारखाना बंद पडल्यावर तर घर त्या यंत्रावरच चाललं. मापं द्यायला आलेल्या बायका माझ्या कठड्यावर बसून म्हणायच्या, "काय गार वाटतं गं इथे." मला फार बरं वाटायचं.

पण कॉस्मस भित्रा. माझी परवानगी त्याने काढलीच नव्हती. दर वर्षी पालिकेचा माणूस आला की हा हात जोडून म्हणायचा, "लेकीच्या लग्नाचा मांडव आहे, साहेब. लग्न झालं की काढतो." साहेब वहीत 'तात्पुरता मांडव' लिहून जायचे. सहा वर्षं चालणारं लग्न त्यांनी दुसरं कुठे पाहिलं होतं, देव जाणे. आयरीन तिथेच मान खाली घालून दुसरीचा झगा शिवत असायची. मला कॉस्मसची इतकी चीड यायची की पत्रे तापायला ऊन लागायचं नाही.

पुढे घराचा विमा उतरवला, तोही आयरीनच्या कमाईतून. अर्जात 'घराला जोडलेलं बांधकाम' असा एक रकाना होता. कॉस्मसने तिथे 'नाही' लिहिलं. पालिकेला कळेल म्हणून. लेकीला त्याने विचारलंसुद्धा नाही.

१९८७ च्या ऑगस्टमध्ये शेजारचा माड माझ्यावर कोसळला. दोन खांब मोडले, यंत्राचा चुराडा झाला, शिवून टांगलेले तीन झगे चिखलात गेले. आयरीन आत चहा करत होती म्हणून वाचली.

विमा कंपनीचा माणूस अर्ज घेऊन पाहणीला आला. "हे काय आहे?" त्याने विचारलं.

"मांडव, साहेब," कॉस्मस सवयीने बोलून गेला.

"लग्न कुणाचं?"

आयरीन पुढे आली. "माझं होतं. सहा वर्षांपूर्वी मोडलं. ही पडवी आहे, मी इथे शिवते. तसंच लिहा."

"बाई, अर्जात 'नाही' लिहिलंय. भरपाई मिळणार नाही. वर पालिकेची नोटीस येईल, ती वेगळीच."

"येऊ दे ना. तुम्ही लिहा."

त्याने लिहिलं. भरपाई मिळाली नाही. नोटीस मात्र आली. आयरीन स्वतः वॉर्ड ऑफिसात खेपा घालत राहिली. दंड भरला आणि मला कागदावर आणलं. त्यासाठी तिने गळ्यातली साखळी विकली. कॉस्मस त्या दिवशी जेवला नाही. एका दिवसाच्या उपासाने काय होतं?

आता माझ्या अर्ध्या अंगावर ताडपत्री आहे आणि खाली उसनं यंत्र. विम्याचा नवा अर्ज आला तेव्हा कॉस्मसने पेन उचललं. आयरीनने ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि त्या रकान्यात लिहिलं, 'पडवी, पंधरा फूट बाय आठ, शिवणकामासाठी.'

मित्रांनो, तुमच्या घराला माझ्यासारखी कुणी चिकटून उभी असेल, तर अर्जात तिचं नाव लिहा. पालिकेची भीती वाटत असेल तर आधी तिथे जाऊन या. आणि पत्रे वाचवायला पोरीचं मोडलेलं लग्न पुढे करू नका. आज सकाळपासून आयरीन बापासाठी सदरा शिवते आहे. तिने त्याला माफ केलं असेल. मी केलेलं नाही.