तिसरीच्या वर्गातली सात पुस्तके

तिसरीच्या वर्गातली सात पुस्तके सापडत नव्हती, आणि बाईंना आता प्रत्येक दप्तर जरा फुगलेलेच दिसू लागले होते.

वर्गाचे वाचनालय त्यांनी हौसेने मांडले होते. जुन्या बाकांच्या फळ्यांची मांडणी. प्राण्यांची पुस्तके खाली, गोष्टींची वर, प्रत्येकाच्या पाठीवर आकडा. नियम दोनच : घंटा झाली की पुस्तक जागेवर, आणि घरी न्यायचे नाही. तरी दर दोन दिवसांनी एखादी फट पडायची.

संशय पाहुणा म्हणून येतो आणि घरधनी होऊन बसतो. आधी तो झाडलोट करणाऱ्या मावशींवर गेला. वर्गाची किल्ली त्यांच्याकडेच ना! मग भिंगरीवर. एका जागी पाच मिनिटे न बसणारी ही पोर घंटेनंतर मात्र सगळ्यांच्या मागे रेंगाळायची. का?

मंगळवारी बाईंनी सगळ्यांदेखत तिचे दप्तर बाकावर उपडे केले. वह्या, डबा, एक मळका मोजा. पुस्तक नाही.

"दुसरा मोजा कुणी चोरला गं?" कोणीतरी म्हणाले. वर्ग खो खो हसला.

त्यानंतर भिंगरी मांडणीकडे फिरकली नाही. वाचनाच्या तासाला ती हाताची घडी घालून खिडकीबाहेर बघत बसे.

"पुस्तकं चोरीला जातायत, मावशी. आणि ती भिंगरी बघा, कशी गप्प झालीय. चोराच्या मनात चांदणं!" शाळा सुटल्यावर बाई म्हणाल्या, म्हणताना मावशींचाही चेहरा निरखत होत्या.

मावशींनी केरसुणी भिंतीला टेकवली. "माझंही तोंड तपासताय होय? तपासा. पण आधी त्या नकाशामागं बघा."

नकाशामागे दोन पुस्तके! खेळाच्या चटयांच्या गुंडाळीत तीन, कपाटामागे दोन. प्रत्येकात काहीतरी खूण : रिबिनीचा तुकडा, वाळलेले पान, पेन्सिलीचे साल.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला वाटलं, पोरं तुमच्या परवानगीनंच ठेवतात. मी धूळ पुसते, खूण न हलवता परत तिथंच ठेवते." मावशी हसल्या. "अहो, गोष्ट अर्ध्यात असते आणि घंटा होते. मांडणीवर ठेवलं की उद्या दुसऱ्याच्या हाती! मग वाघाचं पुढं काय झालं, ते कळायचं कसं? चोर पुस्तक घरी नेईल, बाई. घरी न्यायचं नाही म्हणालात, ते पोरांनी पाळलंय की!"

बाईंनी सातही पुस्तके, खुणा न हलवता, होती तिथेच परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्या वर्गासमोर उभ्या राहिल्या. "भिंगरी, तुझं दप्तर उपडं केलं, ती माझी चूक."

"बाई, सगळे हसले होते."

"हो. म्हणून सगळ्यांसमोर सांगतेय."

"मग मोठ्यानं सांगा ना."

बाईंनी इतक्या मोठ्याने सांगितले की शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावून गेले!

खालचा एक खण अर्ध्या वाचलेल्या पुस्तकांसाठी मोकळा झाला. आत नावाची चिठ्ठी ठेवायची. चिठ्ठी असेल त्या पुस्तकाला दुसऱ्याने हात लावायचा नाही. घरी न्यायचीही मुभा मिळाली. भिंगरी चार दिवस तिकडे गेली नाही. पाचव्या दिवशी तिने आपले अर्धे राहिलेले पुस्तक उचलले आणि बाईंकडे पाठ करून वाचत बसली. बाईंनी तेवढ्यावर समाधान मानले.

वाचकहो, विश्वास मोडायला एक दप्तर उपडे करणे पुरते. जोडायला किती दिवस लागतील, ते मूल ठरवते. म्हणून मुलाने नियम मोडलेला दिसला, तर आधी आपला नियम तपासावा. दप्तराला हात त्यानंतर, आणि तोही विचारून.