अठ्ठेचाळिसांची वाटणी

दिनांक १२ मार्च २०२४, मंगळवार, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. रुग्णालयाच्या तळघरात स्कॅनची चित्रे साठवणाऱ्या आठ यंत्रांत मिळून शहाण्णव डिस्क होत्या. त्यांतील अठ्ठेचाळीस जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्क काढून, ही यंत्रे सांभाळणाऱ्या अप्पांनी तेथे वेगवान एसएसडी बसवल्या होत्या. सगळ्या बदलण्यास मंजुरी नव्हती. म्हणून कुणावर अन्याय नको, या हिशेबाने प्रत्येक यंत्राला सहा-सहा दिल्या. स्कॅनचे एक चित्र उघडायला पूर्वी एकेचाळीस सेकंद लागत. आता चाळीस.

अप्पा चक्रावले. तंत्रनिकेतनात शिकल्याप्रमाणे त्यांनी एकेक शक्यता पडताळली. सुटी एसएसडी जोडली, ती वाऱ्यासारखी चालली. केबल बदलल्या, फरक नाही. दुकानदारावर संशय घेतला, मग स्वतःच्या घड्याळावर. ऑपरेटरबाई म्हणाली, "अप्पा, नव्यांना जुन्यांची संगत लागलेली दिसते."

त्यांना हसू आले नाही. त्यांची सून तातडीच्या विभागात डॉक्टर होती. डोक्याला मार लागलेल्या एका रुग्णाची तीस चित्रे पाहण्यात तिची वीस मिनिटे जात. गुरुवारपर्यंत सुधारणा झाली नाही, तर असे रुग्ण तासाभराच्या अंतरावरील दुसऱ्या रुग्णालयात पाठवायचे ठरले होते; ते तेथवर टिकतीलच, असे ती सांगू शकत नव्हती.

सगळ्यांचे जेवण झाल्याशिवाय कुणी उठायचे नाही, हा घरात अप्पांचाच नियम. बुधवारी संध्याकाळी सुनेला ड्यूटीवर निघायचे होते. बाकीची ताटे केव्हाच रिकामी झाली होती. अप्पा मात्र विचारात गढून चघळत होते.

"अप्पा, आम्ही तिघं तुमच्या एका घासासाठी थांबलोय," ती म्हणाली.

अप्पांचा हात थांबला. प्रत्येक चित्राचे आठ तुकडे होऊन ते आठ यंत्रांत, मिळेल त्या डिस्कवर जात. आठवा आल्याशिवाय चित्र उघडत नसे. आणि एखादा तरी तुकडा जुन्या डिस्कवर सापडणारच. बाकीचे त्याची वाट पाहत बसत.

"तू ऊठ," ते म्हणाले. बायकोने त्यांना ताप तर नाही ना, असे विचारले.

त्यांनी हात धुण्याआधी ऑपरेटरबाईला फोन लावला. डिस्क एकही हलवायची नव्हती. महिन्याभरातल्या चित्रांचे सगळेच तुकडे एसएसडीवर, त्याआधीचे सगळे हार्ड डिस्कवर, एवढेच यंत्रांना सांगायचे होते. सकाळपर्यंत तुकडे आपापल्या जागी पोहोचले.

गुरुवारी सुनेने उभ्यानेच पहिले चित्र उघडले. वेळ: चार सेकंद.